सहा इंच मोकळी जागा

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे, कापसाचा बोळा असे. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी ते त्यातून चिमूटभर कापूस ओढून काढत, बोटांत पिंजून अगदी विरळ करत आणि दाराच्या वरच्या कोपऱ्याशी, खिडकीशी, नाहीतर मोरीच्या झरोक्याशी धरत. कापूस कुठे कलतो ते बघत. तोपर्यंत चहा देणारी बाई कप धरून उभी. "वारो हयसून येता, पण त्येका जावक वाट नाय," असं काहीतरी सांगून मग ते कप घेत.

चारकोपच्या आमच्या गल्लीत त्यांना वारेकाका म्हणत. खरं नाव सोसायटीच्या यादीत होतं आणि ती यादी मीच लिहीत असे, तरी माझ्याही तोंडात वारेकाकाच येतं.

ते मालवणकडचे. एकोणतीस वर्षं गिरणीत काढली, पण मागावर नाही. गिरणीत हवेचं एक खातं असतं. सूत तुटू नये म्हणून खोलीतला दमटपणा आणि वारा सांभाळायचा, हे त्या खात्याचं काम. कापूस धरून बघण्याची सवय तिथली. संपानंतर गिरणी गेली, पुढच्या वर्षी बायको गेली, आणि हे चारकोपला प्लॉट मिळाला तेव्हा एकटेच राहायला आले. आम्हीही त्याच सुमारास आलो, दादरच्या चाळीतल्या खोलीतून. मी, बायको आणि आई.

तेव्हाचं चारकोप ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. खाडीकडची भरणीची जमीन, झाड एकही नाही. प्रत्येकाला आखून दिलेला छोटा प्लॉट, त्यावर संडास-मोरी बांधलेली, बाकीचं घर ज्याचं त्याने उभं करायचं. आमच्या सोसायटीत अशी तेहेतीस घरं, समोरासमोर दोन रांगांत. भिंती झाल्या होत्या, पण बहुतेकांच्या डोक्यावर ताडपत्री आणि चटया. सिमेंटचे पत्रे सोसायटीने एकदमच आणायचे आणि पावसाआधी सगळ्यांवर चढवायचे, असं ठरलं होतं. सेक्रेटरींनी मात्र आधीच आपल्यापुरते आणून चढवले होते. त्यांचं घर बरोबर आमच्या समोर.

त्या पत्र्यांखाली दुपारी बसवत नसे. सेक्रेटरींची बायको दोन ते पाच ओट्यावर भिंतीच्या सावलीत बसून असायची. पंखा लावला तर वरची गरमी खाली यायची. वारेकाकांचं म्हणणं, "पंखो वारो हाडत नाय. असलेलो ढवळता. फुकट मीटर फिरता."

त्यांच्या मनात एक छप्पर होतं, आणि ते सगळ्या गल्लीवर चढावं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला उरली होती, असं मला आजही वाटतं. छप्पर साधं होतं. खाली बांबूचे तट्टे, त्यांना चुना-सिमेंटचा हात. वर पत्रे. दोहोंच्या मध्ये सहा इंच मोकळी जागा. ती जागा वळचणीपाशी खालून उघडी आणि आढ्यापाशी वरून उघडी. ऊन पत्र्याला तापवणार, पत्रा मधल्या हवेला, आणि तापलेली हवा आढ्याकडून निघून जाणार. तिच्या जागी वळचणीतून दुसरी येणार. तट्ट्यापर्यंत ऊन पोचतच नाही.

"पत्रो तापांदे," ते म्हणायचे. "तेचा ता काम. आपण कित्याक तापाचा? ती गरमी घरात येवच्या आदी भायर काडूची."

हे ते कुणालाही कुठेही सांगत. रेशनच्या रांगेत सांगत. एकदा लग्नाच्या मांडवात जेवणाऱ्या पंगतीला सांगितलं, कारण मांडवाची कनात त्यांच्या मते चुकीच्या बाजूला बांधली होती. लोक ऐकून घेत आणि हसत. हातवारे करून ते सहा इंच दाखवायचे, आणि दर वेळी अंतर सारखंच असे. मी एकदा पट्टी लावून पाहिली. सहाला पाव इंच कमी.

या पट्टीमुळेच आमची गाठ पडली म्हणायची. मी विमा कचेरीत आकडेमोडीच्या खात्यात. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे बायकोचं मत, आणि ते बरोबर आहे. मी पट्टी परत खिशात घालत असताना वारेकाका म्हणाले, "सायबानू, तुमीच करा. तुमच्या आवशीसाठी करा. आणि मोजा. मी सांगलेला कोण ऐकणा नाय. तुमी आकडो सांगलात की ऐकतले."

आईच्या कमरेचं हाड मोडलेलं होतं. ती दिवसभर उताणी पडून असायची, डोळ्यांसमोर छप्पर. ताडपत्रीखाली तिची पाठ घामोळ्यांनी भरली होती. मी हो म्हटलं. सोसायटीची सभा चाळीसेक दिवसांवर होती. तोवर रोज दुपारी अडीचला माझ्या घरातलं आणि सेक्रेटरींच्या घरातलं तापमान लिहायचं आणि सभेत वाचायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

छप्पर घालायला नऊ दिवस लागले. वारेकाकांचे गुडघे गेलेले, शिडी चढवत नसे. ते खालून सुताराला ओरडत, वर बघून बघून मान दुखली की ओट्यावर आडवे होऊन ओरडत. वळचणीच्या उघड्या बाजूला त्यांनी जाळीची चौकट बसवून घेतली, चिमण्या येऊ नयेत म्हणून. तिला दोन आकडे ठेवले, साफ करायला काढता यावी म्हणून. सगळं झाल्यावर मला म्हणाले, "आता एकच काम. मोकळा ठेवा. ह्या छपरात जा दिसता ता काय काम करणा नाय. मोकळा आसा ताच काम करता."

पहिल्या दिवशी सेक्रेटरींच्या घरात एकोणचाळीस अंश, आमच्यात साडेचौतीस. मी दोन्ही थर्मामीटर एका बादलीत बुडवून जुळवून घेतले होते, त्यामुळे चूक नव्हती. मी कचेरीत असे तेव्हा बायको लिही. वहीत चार रकाने: तारीख, वेळ, समोर, आपल्याकडे. सोळा दिवस फरक साडेचारच्या आसपास राहिला. संध्याकाळी पंखा बंद ठेवता येऊ लागला. आईच्या पाठीची आग कमी झाली. वारेकाका रोज पाच वाजता यायचे, वही मागायचे, चष्मा नसल्यामुळे ती लांब धरून बघायचे आणि परत द्यायचे.

"थंड लागता मां?" आईला विचारायचे.

"लागतं हो," आई म्हणायची. "जरा डोळा लागतो आता."

आता सतराव्या दिवसाचं सांगतो.

दादरच्या खोलीत पोटमाळा होता. त्यातलं सामान इथे आणून कुठे ठेवावं हे आम्हाला कळत नव्हतं. अकरा पाट, एक मोठी परात, गणपतीचा चौरंग पाय काढलेला. हे सगळं भिंतीला लावून ठेवलेलं. आईची खाट हलवायची म्हटली की पाट पायावर येत. त्या रविवारी सकाळी बायको म्हणाली, "अहो, यांचं काहीतरी करा. मी आज दोनदा ठेचकाळले."

मी वर पाहिलं. वळचण, जाळीची चौकट, आत सहा इंच. पाटाची जाडी दोन इंच. तीन पाट एकावर एक बरोबर बसतात. दहा फूट रुंदीत चार थप्प्या, एका थप्पीत दोनच. उरलेल्या जागेत परात उभी जाणार नाही, पण आडवी जाईल. चौरंगाची फळी शेवटी. ही मोजणी करायला मला दोन मिनिटं लागली, आणि खरं सांगायचं तर आनंद झाला. सामान जणू मापाने केलं होतं. स्टुलावर उभं राहून चौकट काढली, सगळं सरकवलं, चौकट परत आकड्यांना लावली. खालून काही दिसत नव्हतं.

मुंबईत वाढलेल्या माणसाला रिकामी जागा दिसली की तिथे काय मावेल हेच आधी दिसतं. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. तसं घडलं एवढंच.

त्याच दुपारी मी बाहेरून आलो तेव्हा आई म्हणाली, "आज छप्पर अंगावर आलंय रे."

"ऊन वाढलंय," मी म्हटलं आणि वही पाहिली. समोर एकोणचाळीस, आपल्याकडे अडतीस. मला आश्चर्य वाटलं. थर्मामीटर परत बादलीत बुडवून जुळवले. बरोबर होते. आईचं वाक्य मी लिहिलं नाही. वहीत शेऱ्याचा रकानाच नव्हता.

सभेपर्यंत पंधरा दिवस फरक एका अंशावर राहिला. वारेकाका रोज वही लांब धरून बघत राहिले, पण परत द्यायला वेळ लावू लागले. एक दिवस त्यांनी जाळीखाली उभं राहून कापूस उंच धरला, पण हात वळचणीपर्यंत पोचला नाही. कापूस ओट्यावरच्या वाऱ्यानेच हलत राहिला. तेव्हा त्यांनी मला विचारलं, "वर कोण चडललो काय?"

"नाही," मी म्हटलं.

ते खरं होतं. वर कुणी चढलं नव्हतं. मी स्टुलावर होतो.

सभा रविवारी संध्याकाळी सेक्रेटरींच्या ओट्यावर झाली. विषय एकच: छपराला खालचे तट्टे घ्यायचे की नुसते पत्रे. मी वही वाचली. सगळे एकतीस दिवस वाचले. एकही दिवस गाळला नाही. सरासरी फरक सुमारे पावणेतीन अंश, हेही सांगितलं. वारेकाका ओट्याच्या कडेला खाली मान घालून बसले होते.

"म्हणजे पहिले पंधरा दिवस थंड आणि मग गरम," कोपऱ्यातले एक बेस्टचे कंडक्टर म्हणाले. "नवीन लग्नासारखं."

सगळे हसले.

"तसं आकडे सांगतात," मी म्हटलं. "कारण मला माहीत नाही."

"कारण मी सांगते ना," एक बाई म्हणाल्या. "पोरीला अभ्यासाला माझ्याकडे सहा इंच नाहीत, आणि हे काका म्हणतात सहा इंच वर मोकळे सोडा. हवेला द्या."

"हवेला कुठे," सेक्रेटरी म्हणाले. "उंदरांना फ्लॅट दिला म्हणायचं."

मग ते वारेकाकांकडे वळले. माणूस वाईट नव्हता; तेहेतीस घरांचं काम पावसाआधी उरकायचं होतं. "काका, तुम्हाला काही बोलायचंय का? तुमचं खातं आहे हे."

वारेकाका उठले. मला वाटलं आता सुरू होतील. गल्लीला सवय होती. लोक बसल्या जागी सैलावलेही.

"आकडे खोटे नाय," ते म्हणाले. "तो माणूस खोटो आकडो लिवचो नाय." आणि बसले.

तट्ट्यांसाठी हात वर झाले ते सात. पुढच्या आठवड्यात ट्रक आला आणि उरलेल्या एकतीस घरांवर नुसते पत्रे चढले. त्यात वारेकाकांचंही घर होतं. त्यांनी आपल्यासाठी जमवलेले तट्टे ओट्यावर गुंडाळून पडले होते. मी म्हटलं, तुम्ही तरी तुमच्या घरावर करा. म्हणाले, "माज्या घरात कोण आसा? माका सगळ्या गल्लीवर बघूचा होता. एकट्याच्या टकल्यार काय बघू?"

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझी बहीण, मेव्हणे आणि त्यांची मुलं जेवायला आली. बायकोने पाट काढायला सांगितले. मी स्टुलावर चढून चौकट काढली आणि पहिला पाट ओढला. तो हाताला चटका बसेल इतका तापला होता. सावलीतलं लाकूड. मी बाकीचे काढले, परात काढली, फळी काढली. पंगत बसली. जेवणं झाली. अडीच वाजता सवयीने थर्मामीटर पाहिला. सभा होऊन गेली होती तरी माझी सवय सुटली नव्हती.

साडेपस्तीस.

आई खाटेवरून म्हणाली, "वर गेलं बघ छप्पर."

बहीण काहीतरी विचारत होती. मी स्टूल लावून वळचणीत हात घातला. आत हवा वाहत होती. मनगटावरचे केस हलत होते.

वही घेऊन मी वारेकाकांकडे गेलो. ते पत्र्याखाली न बसता दारात, उंबऱ्यावर बसले होते, ओला पंचा खांद्यावर. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"किती पाट?"

"अकरा. एक परात. चौरंगाची फळी."

त्यांनी मान हलवली.

"गिरणीत पण असाच," ते म्हणाले. "हवेच्या वाटेत लोक डबे ठेवीत, चपला ठेवीत. देव पण ठेवीत. मोकळी दिसली जागा की ठेवीत. रोज सकाळी फिरान काडूचा, ताच माजा अर्धा काम. तेवा माका पयल्या दिवसापासून वाटला की कायतरी घातलेला आसा. म्हणान विचारलय, वर कोण चडललो काय."

"मी स्टुलावर होतो," मी म्हटलं.

"हां."

"मी नाही म्हटलं तरी तुम्ही बघायला हवं होतं. सुताराला चढवायचा."

"तुमी नाय म्हटल्यात," ते म्हणाले. "मगे मी कित्याक बघू? दुसरो कोण असतो तर बघलंय असतंय."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी सेक्रेटरींकडेही गेलो. त्यांनी वही नीट पाहिली. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण आता काय करायचं ते सांगा. बत्तीस घरांचे पत्रे उतरवू? पाऊस दहा दिवसांवर आलाय." मी म्हटलं, निदान इतिवृत्तात नोंद करा. त्यांनी ती मलाच करायला सांगितली. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात ती ओळ आहे, माझ्याच अक्षरात: सतराव्या दिवसापासूनचे आकडे छपराचे नसून सामानाचे होते. ती सभेत वाचून दाखवली तेव्हा पाण्याच्या मोटारीवरून भांडण चालू होतं.

पाट आता आईच्या खाटेखाली असतात. बायको अजून त्यांना ठेचकाळते.

त्यानंतर वारेकाका छपराबद्दल कमी बोलू लागले. कापूस मात्र होता. कुणाच्या दाराशी उभे राहून तो धरायचे, बघायचे, पण काय दिसलं ते सांगायचे नाहीत. आमच्याकडे ते पूर्वीसारखेच पाचला येत, आईजवळ बसत. वही मागत नसत. गल्लीत एकेका घरी दुसरा पंखा आला, मग तिसरा. संध्याकाळी सगळे एकदम फिरू लागले की दिवे मंद व्हायचे. वारेकाका तेव्हा छताकडे बघायचे.

दोन वर्षांनी, एप्रिलमध्ये, ते कायमचे गावी जायला निघाले. भर दुपारी निरोप घ्यायला आले. हातात एक पिशवी आणि एक ट्रंक, ती ओट्यावर ठेवलेली. आई तेव्हा थोडी उठून बसू लागली होती.

"गावाला छप्पर कसलं हो तुमच्या?" आईने विचारलं.

"नळ्यांचा, आये." देशी कौलांना तिकडे नळे म्हणतात. "नळ्यांच्या मदीसून वारो आपसूक जाता. थय कोणाक शिकवूचा लागणा नाय."

"मग इथे कशाला एवढा जीव टाकलात?"

"थय शिकवूचा लागणा नाय म्हणान," ते म्हणाले आणि जरासे हसले.

निघताना ते ओट्यावर थांबले. खिशातून कापूस काढला, पिंजला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी स्टूल आणलं. त्यांचे गुडघे चढू देईनात, म्हणून कापूस मी घेतला, चढलो आणि चौकट बाजूला करून वळचणीशी धरला. क्षणभर तो तसाच राहिला. मग आत वळला, ताणला गेला, आणि मी बोटं सैल केली तसा सहा इंचांच्या त्या अंधारात निघून गेला. आढ्यापाशी बाहेर पडताना मला दिसला नाही, पण खाली उभे असलेले वारेकाका मान वर करून बघत होते. त्यांना दिसला असावा.

त्यांनी दोन्ही रांगांवरून नजर फिरवली. पांढरे पत्रे उन्हात चमकत होते.

"तेहेतिसात एक," ते म्हणाले. "वायट नाय." आणि ट्रंक उचलायला वाकले.

मी स्टुलावर उभा होतो. तेहेतिसात एक म्हणजे तीन टक्के होतात. ते मी त्यांना सांगितलं नाही.